स्टीलचे चमचे, डाव, सुऱ्या: पारखून कसे घ्यायचे आणि बोअरच्या पाण्यात कसे टिकवायचे

"चुंबक लावून बघा ताई, चिकटतंय का? नाही ना? मग अस्सल माल आहे." परभणी असो की लातूर, भांड्याच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. धाकट्या बहिणीच्या लग्नाची भांडी घेताना मीही ह्याच वाक्यावर विश्वास ठेवून चार डझन चमचे घेतले. वर्षाच्या आत त्यांच्या मानेवर तांबूस ठिपके उठले. बहिणीनं तोंडातून शब्द काढला नाही. एकदा तिच्या सासरी गेले, तर पाहुण्यांना सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा नाश्ता, दुसऱ्याच चमच्यांनी दिला जात होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर दोन गोष्टी पक्क्या समजल्या. चुंबकानं आपल्याला हवं ते कळत नाही. आणि माल चांगला असला तरी आपल्या मराठवाड्यातलं पाणी त्यावर सुकू दिलं तर तोही डागाळतो. चुका बहुतेक क्रमाच्या असतात. आधी भांड्यांवर नाव टाकतात आणि मग तपासतात, आधी घासतात आणि मग डाग कशाचा ते बघतात. म्हणून खाली सगळं टप्प्यांनी दिलं आहे. टप्पे त्याच क्रमानं करा.

टप्पा १: दुकानात जायच्या आधी यादी करा

बहुतेक घरांत २४ नगांचा डबाबंद सेट आणला जातो. त्यात बहुधा ६ मोठे चमचे, ६ चहाचे चमचे, ६ काटे आणि ६ टेबलावरच्या बोथट सुऱ्या असतात. आपण भाकरी हातानं मोडून खाणारी माणसं. त्या सहा सुऱ्या डब्यातच राहतात, आणि पैसे मात्र त्यांचेही दिलेले असतात. सुटं घ्या.

चार-पाच माणसांच्या घराला माझ्या हिशेबानं एवढं पुरतं: नाश्त्याचे चमचे १२, चहा-साखरेचे ६, काटे ६, वाढायचे मोठे चमचे ४, वरणासाठी खोल डाव १, भातासाठी चपटा डाव १, झारा १, उलथणं म्हणजे सराटा १, सांडशी १, आणि सुऱ्या दोन, एक लहान, एक मोठी. नाश्त्याच्या चमच्यांत त्याच नमुन्याचे दोन जास्त घ्या. खरकट्याबरोबर चमचे जातातच, आणि दोन वर्षांनी तो नमुना बाजारात मिळत नाही.

बाहेर पडताना पिशवीत तीन वस्तू टाका: पातळ सुती ओढणी किंवा जुन्या साडीचा तुकडा, छोटं चुंबक आणि मोबाईल. चुंबक कशासाठी, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

टप्पा २: आकडे समजून घ्या

स्टेनलेस स्टील म्हणजे ज्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम आहे असं पोलाद. ह्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा अतिशय पातळ थर तयार होतो. गंजापासून वाचवतो तो हाच थर. ओरखडा पडला तरी हवा आणि स्वच्छ पाणी मिळालं की तो आपोआप पुन्हा धरतो. पुढची सगळी निगा म्हणजे ह्या थराला त्रास न देणं.

बाजारात साधारण चार तऱ्हेचा माल भेटतो. सुरुवातीचा आकडा म्हणजे त्या स्टीलचा ग्रेड.

३०४: क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास, निकेल ८ ते १०. चमच्यावर १८/८ किंवा १८/१० लिहिलेलं असतं ते हेच. पहिला आकडा क्रोमियमचा, दुसरा निकेलचा. मीठ, लिंबू, चिंच यांना हे चांगलं तोंड देतं. रोजच्या चमच्यांना आणि डावांना हेच घ्या.

२०१ आणि २०२: निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं असतं. नवं असताना ३०४ शेजारी ठेवलं तर जाणत्यालाही फरक ओळखू येत नाही. दुकानातली चमक सारखीच असते. फरक पडतो तो खारट पाण्यात आणि लोणच्यात.

४३०: क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल नाही. चमच्यावर १८/० असं लिहितात. स्वस्त आणि सरळ माल आहे. चुंबकाला चिकटतो म्हणून लोक त्याला उगाच नावं ठेवतात. चहाच्या चमच्यांना, काट्यांना चालतो, फक्त पुसून कोरडा ठेवावा लागतो. घरात कुणाला निकेलच्या दागिन्यानं अंगावर पुरळ उठत असेल तर डॉक्टरांना विचारून त्या माणसासाठी १८/० चे चमचे वेगळे ठेवता येतात.

४२०: सुरीचं स्टील. ह्यात कार्बन जास्त आणि क्रोमियम १२ ते १४ टक्के. कार्बनमुळे ते कडक होतं आणि धार धरतं, पण गंजायला सगळ्यांत हळवं. चांगली सुरी चुंबकाला चिकटणारच.

जालन्याच्या स्टीलचं नाव आपण ऐकतो, ते बांधकामाच्या सळईचं. त्याचा आणि चमच्याचा काही संबंध नाही. दुकानदार "जालन्याचाच माल आहे" म्हणाला तर त्यावरून काहीच ठरवू नका.

> सावध: "फूड ग्रेड", "शुद्ध स्टील", "लाईफटाईम" ह्या शब्दांवरून ग्रेड कळत नाही. आकडा विचारा.

टप्पा ३: दुकानात, ह्या क्रमानं

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत जा की लातूरच्या गंजगोलाईत, गर्दीच्या दिवशी जाऊ नका. लग्नसराईत दुकानदाराला दहा गिऱ्हाइकं एकदम सांभाळायची असतात, आणि आपल्यालाही चमचा न् चमचा हातात घेऊन बघायला संकोच वाटतो. सकाळी दुकान उघडल्यावर गेलेलं चांगलं.

पहिलं, आकडा विचारा. "शेठ, ह्याचा ग्रेड काय? बिलावर लिहून द्याल का?" एवढे दोनच प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाला जो दुकानदार सहज "हो" म्हणतो त्याच्याकडं पुढं बघा. जो म्हणतो "अहो, विश्वास ठेवा, आमचं दुकान किती जुनं आहे", त्याचं दुकान जुनं असेलही, पण तुम्हाला दुकानाचं वय नको, मालाचा ग्रेड हवा आहे. माझ्या चार डझन चमच्यांचं बिल साध्या चिठ्ठीवर "स्टील चमचे, ४८ नग" एवढंच होतं. परत घेऊन गेले तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हतं.

दुसरं, चुंबक. चुंबक चिकटलं नाही, म्हणजे माल ३०४ असू शकतो, आणि २०१ किंवा २०२ सुद्धा असू शकतो. दोन्हींना ते चिकटत नाही. म्हणून चुंबकाच्या भरवशावर महाग भाव देऊ नका. उलट, खऱ्या ३०४ च्या चमच्याची मान जिथं दाबून वळवलेली असते तिथं चुंबक किंचित ओढ घेतं. थंड धातू दाबला, वाकवला की असं होतं, त्यात खोट काही नाही. मग चुंबकाचा उपयोग काय? दोन ठिकाणी. चमचा १८/१० म्हणून विकला जातोय आणि चुंबक खाडकन चिकटलं, तर तो १८/१० नाही. आणि सुरीला चिकटलं नाही, तर तिला धार टिकणार नाही.

तिसरं, कडा. ही तपासणी कुणीच करत नाही आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ओढणीचा तुकडा चमच्याच्या वाटीच्या कडेवरून सावकाश ओढा. मग काट्याच्या दातांच्या मधून घाला आणि बाहेर काढा. दोरा अडकला, तर तिथं कापणीची कच राहिली आहे. पत्र्यातून चमचा ठोकून काढला की कडेला अशी कच राहते, ती घासून गोल करावी लागते. स्वस्त मालात बाहेरची कड घासतात आणि दातांच्या मधली जागा तशीच सोडतात, कारण तिथं हात पोचत नाही. लहान मुलाचा ओठ कापतो तो तिथंच. शिवाय त्या खडबडीत जागी खरकटं अडकतं, आणि पहिला तांबूस ठिपका बहुधा तिथूनच निघतो.

चौथं, मान. चमचा दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर आडवा धरून मानेवर हलका दाब द्या. घट्ट श्रीखंड काढताना जेवढा जोर लागतो तेवढाच. मान वाकली तर ठेवून द्या. दुकानदार गेज सांगेल तेव्हा लक्षात ठेवा, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १४ गेज साधारण २ मिलिमीटर, १६ गेज १.६, १८ गेज १.२, २० गेज १ मिलिमीटरपेक्षा थोडा कमी. नाश्त्याच्या चमच्याला १६ च्या आसपास हवं. त्याहून जाड वाईट नाही, पण जड चमचा उथळ बशीतून खाली पडतो.

वजनाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "जड आहे म्हणजे चांगलं स्टील." ३०४ काय आणि २०२ काय, दोन्हींचं वजन घनफळामागं जवळपास सारखंच. जड चमचा म्हणजे जाड चमचा, ह्यापलीकडं काही नाही. भगुनी (पातेली), ताटं किलोवर विकली जातात तिथं तर हा गैरसमज सरळ खिशाला लागतो.

पाचवं, पॉलिश. चमच्याची पाठ ट्यूबलाइटखाली धरा. ट्यूबची रेघ चमच्यावर सलग दिसायला हवी. ती मध्येच तुटत असेल, लाटेसारखी हलत असेल, तर पॉलिशच्या खाली खड्डे बुजलेले आहेत.

सहावं, जोड. डाव, झारे, सांडशी यांची दांडी कुठं जोडली आहे ते बघा. पोकळ दांडी असेल तर तिच्या टोकाची शिवण बोटानं चाचपा. शिवण उघडी असेल तर आत पाणी जातं, बाहेर येत नाही, आणि दोन महिन्यांनी आमटीत काळपट थेंब पडतो. घरातला असा डाव ओळखायचा असेल तर धुतल्यावर कानाशी धरून हलवा, आतलं पाणी ऐकू येतं. सांडशीच्या खिळ्याला थोडी ढील चालते, पण तोंडं एकमेकांवर बरोबर बसली पाहिजेत, नाहीतर गरम भगुनं हातातून निसटतं.

सातवं, चिन्ह. केंद्र सरकारनं १४ मार्च २०२४ च्या आदेशानं स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केलं. भांड्यांचं मानक आयएस १४७५६. चिन्हाखाली सीएम/एल ह्या अक्षरांनी सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. मोबाईलवर "बीआयएस केअर" हे ॲप उघडून त्यात तो नंबर टाका, कुणाचा परवाना आहे आणि तो चालू आहे का, ते तिथंच दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. मात्र आयएसआय चिन्ह आहे म्हणजे माल ३०४ आहे असं नाही. ग्रेड वेगळा विचारायचाच.

> तपासा: बिलावर तीन गोष्टी आल्या का? वस्तू आणि नग, ग्रेडचा आकडा, दुकानाचा शिक्का व जीएसटी क्रमांक. ३०४ लिहून दुसरा माल दिला असं पुढं लक्षात आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तेव्हा हेच बिल लागतं.

टप्पा ४: आधी एकच चमचा, रात्रभर परीक्षा

लग्नाची मोठी खरेदी असेल तर पहिल्या फेरीत फक्त नमुने आणा, प्रत्येक प्रकारचा एकेक. घरी ही परीक्षा करा.

चमचा साबणानं धुऊन कोरडा करा. अर्धी वाटी पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा, त्यात अर्धं लिंबू पिळा. कापसाचा बोळा त्यात भिजवून चमच्याच्या मानेवर आणि वाटीत ठेवा. काट्याला दातांच्या बेचक्यात ठेवा. वर बशी झाका, रात्रभर, म्हणजे साधारण १२ तास, राहू द्या. सकाळी धुऊन पुसून उजेडात बघा.

काही दिसलं नाही तर पुढची खरेदी बिनधास्त करा. तांबूस ठिपका दिसला तर लगेच निकाल देऊ नका. कारखान्यात पॉलिश करताना लोखंडाची बारीक पूड वरवर चिकटलेली असू शकते. खायच्या सोड्याची ओली पेस्ट बोटानं चोळून ठिपका काढा आणि हीच परीक्षा दुसऱ्या रात्री करा. पुन्हा त्याच जागी ठिपका आला तर तो माल घेऊ नका.

ही घरगुती परीक्षा आहे. ग्रेड ओळखायची प्रयोगशाळा नाही. पण आपल्याला प्रयोगशाळेचा दाखला हवा आहे कुठं? आपल्या मिठात आणि लिंबात हा चमचा टिकतो का, एवढंच बघायचं आहे, आणि ते ह्यातून कळतं. नमुन्यावरच करा. पाच डझन चमच्यांना ही शिक्षा नको.

> सावध: भांड्यांवर नाव टाकायचं काम ही परीक्षा झाल्यावरच. नाव टाकलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही. माझ्या चार डझनांवर बहिणीचं आणि मेव्हण्यांचं नाव खरेदीच्याच दिवशी पडलं होतं.

नाव टाकून घेताना चमच्याला दांडीच्या मागच्या बाजूला टाका, वाटीत कधीच नाही. पातळ ताटाला कडेच्या पट्टीवर टाकायला सांगा. मशीनच्या सुईनं धातूची बारीक पूड पडते, ती घरी आल्यावर ब्रशनं धुऊन टाका.

टप्पा ५: पहिली धुणी

नवा चमचा डब्यातून काढला, नळाखाली धरला आणि पोह्यात घातला, हे जवळपास प्रत्येक घरात होतं. त्यावर पॉलिशची पेस्ट असते.

आधी स्टिकर. नखानं किंवा पात्यानं खरवडू नका. स्टिकरवर तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग अंगठ्यानं लोटा, गोंदासकट निघतो.

मग तेलाचा बोळा. करडईचं किंवा शेंगदाण्याचं, घरात असेल ते तेल कापसाला लावून चमचा दाबून पुसा. पांढरा कापूस काळा होतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका डावाला चार बोळे लागले, आणि सगळ्यांत जास्त काळं निघालं ते दांडी जिथं वाटीला मिळते त्या वळणातून. कापूस पांढरा राहीपर्यंत पुसा. नुसत्या साबणानं हे निघत नाही, कारण पेस्ट चिकट असते, तिला तेलच सोडवतं.

मग कडकडीत गरम पाणी आणि भांड्याचा साबण. नंतर भरपूर पाण्यानं खंगाळा आणि लगेच पुसा.

क्रम उलटा करू नका. साबण आधी आणि तेल नंतर केलं तर तेलकट काळपटपणा पुन्हा अंगावर बसतो.

टप्पा ६: रोजची घासणी, आणि आपलं पाणी

हा टप्पा नीट वाचा. मराठवाड्यात चमचे खराब होतात ते बहुतेक इथंच.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड. काळ्या खडकातून झिरपताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. उन्हाळ्यात बोअर खाली गेला की ते आणखी जड होतं. टँकरचं पाणी कधी कुठल्या विहिरीचं असतं ते सांगता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी भरून ठेवायची सवय तर आपल्या हाडात आहे. पाणी साठवायचं म्हणजे त्यात टीसीएल पावडर किंवा मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीन, आलंच. म्हणजे चमच्याच्या अंगावर दोन गोष्टी येतात: क्षार आणि क्लोरीन.

क्षारांनी पांढरे डाग पडतात. ते दिसायला वाईट, पण निघतात. मिठातला आणि क्लोरीनच्या पावडरीतला क्लोराइड मात्र तो पातळ थर एखाद्या बिंदूवर फोडतो. तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. खड्ड्याच्या आत हवा पोचत नाही, आतलं पाणी आंबट होत जातं आणि खड्डा खोल होत राहतो. हा घासून जात नाही. गावाकडं आमच्या चुलतीच्या घरी पाणी काढायचं ओगराळं कायम पाण्याच्या टिपात बुडालेलं असायचं. त्याच्या दांडीवर पाण्याच्या पातळीच्या रेषेत ठिपक्यांची ओळ उमटली होती, जणू कुणी सुईनं टोचून काढावी तशी. टिपात रोज चिमूटभर टीसीएल थेट पडायची, आणि ओगराळं कधीच बाहेर निघायचं नाही.

तर रोजचा क्रम असा.

खरकटं लगेच काढा. जेवण झालं की चमचे साध्या पाण्यानं विसळून बाजूला ठेवा. घासायला रात्री घेतले तरी चालेल, पण ठेचा, लोणचं, चिंचेची आमटी, ताक यांचं खरकटं चमच्यावर सुकू देऊ नका. लोणच्याच्या बरणीत स्टीलचा चमचा ठेवून झाकण लावायची सवय सोडा. मीठ, आंबट आणि कोंडलेली जागा, तिन्ही एकदम. त्याला लाकडाचा चमचा ठेवा.

मऊ घासणी वापरा. नायलॉनची किंवा स्पंजची. लोखंडी तारेची घासणी चमच्याला लावायची नाही. तिचे केसाएवढे तुकडे चमच्यावर राहतात, ते गंजतात आणि आपण म्हणतो चमचा गंजला. राख आणि माती पितळेच्या हंड्याला ठीक, चकचकीत स्टीलवर बारीक ओरखडे पडतात.

लांबीच्या दिशेनं घासा. गोल गोल घासलं की उजेडात जाळं दिसतं.

शेवटचं पाणी चांगलं घ्या. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी भांड्याला वापरणं ही आपल्याकडं चांगली काटकसर आहे, पण त्या पाण्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. ते पहिल्या खंगाळणीला वापरा, शेवटच्या नको. शेवटी एका छोट्या पातेल्यात जारचं किंवा आरओचं पिण्याचं लिटरभर पाणी घेऊन सगळे चमचे त्यात बुडवून काढा. तेवढ्यात घरचे सगळे चमचे होतात, आणि उरलेलं पाणी तुळशीला घाला.

लगेच पुसा. इथंच आळस होतो. "वाळतील आपोआप" म्हणून ओले चमचे स्टँडमध्ये उभे केले जातात, वाट्या एकात एक रचल्या जातात. दोन ओल्या वस्तू चिकटून राहिल्या की मधल्या फटीत हवा जात नाही, आणि खड्डे पडायला तीच जागा मिळते. सुती पंचा हाताशी ठेवा. बारा चमचे पुसायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

> तपासा: स्टीलच्या ताटलीवर एका बाजूला चमचाभर बोअरचं पाणी, दुसऱ्या बाजूला जारचं, उन्हात ठेवा. सुकल्यावर जिथं पांढरं कडं जाड उठेल ते पाणी चमच्यावर सुकू द्यायचं नाही.

> सावध: टीसीएल पावडर स्टीलच्या पिंपात थेट टाकू नका. प्लास्टिकच्या भांड्यात वेगळी कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच पिंपात घाला. ओगराळं पिंपाबाहेर टांगा.

भगुन्याबद्दल एक गोष्ट इथंच सांगते, कारण चूक तीच आहे. थंड पाण्यात मीठ टाकलं की खडे तळाला बसतात आणि तिथं पांढरट टोचे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ टाका आणि हलवा.

डिशवॉशर असेल तर त्याच्या मिठाचा कप्पा आपल्या पाण्यात कधी रिकामा ठेवू नका, आणि सुऱ्या त्यात घालू नका.

टप्पा ७: डाग पडला, तर आधी ओळखा

डाग दिसला की घासणी उचलायची नाही. आधी बघा तो कशाचा आहे.

पांढरा, खरखरीत थर क्षारांचा. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, नाहीतर एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तीन वाट्या पाणी घाला. चमचे त्यात १० ते १५ मिनिटं ठेवा, मऊ घासणी फिरवा, खंगाळा, पुसा. रात्रभर ठेवू नका. लिंबूसत्त्व स्वस्त पडतं आणि वासही येत नाही, मी तेच वापरते.

निळसर-जांभळी झाक तापल्याची. डाव भगुन्यातच राहिला आणि भगुनं कोरडं पडलं की ती येते. व्हिनेगरचा बोळा फिरवला की बहुतेक जाते. आरोग्याला काही नाही.

काळं करपलेलं असेल तर त्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, निवू द्या, मग लाकडी सराट्यानं लोटा. तापलेल्या भांड्यावर थंड पाणी ओतू नका, तळ वाकडा होतो.

तांबूस ठिपका: सोड्याची पेस्ट लावून लांबीच्या दिशेनं चोळा. निघाला आणि खाली गुळगुळीत लागलं, तर तो बाहेरून आलेला गंज होता. मग शेजारी काय आहे ते शोधा: लोखंडी तवा, विळी, खलबत्ता, ओल्या चमच्यांबरोबर एकाच टोपलीत पडलेली जुनी सोलणी. ते वेगळं करा. ठिपका निघाला आणि नखाला खड्डा लागला, तर तो चमच्याचाच. तो पुढं वाढू नये म्हणून कोरडा ठेवणं एवढंच हातात आहे.

> सावध: बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच चमच्यांच्या जवळही आणू नका. आणि व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा ॲसिड कधीही ब्लीच वा टीसीएलमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो.

ॲसिड चमच्याला लावलं नाही तरी त्रास देतं. बीडला मामीच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वर चमच्यांचा स्टँड आणि सिंकखाली ॲसिडची बाटली, बूच ढिलं. आठ-पंधरा दिवसांत सगळे चमचे निस्तेज झाले, हात लावला की बोटाला तांबूस लागायचं. मामी साबण बदलत बसली. बाटली संडासात नेऊन ठेवल्यावर आणि चमचे लिंबूसत्त्वात धुतल्यावर त्रास थांबला. त्या ॲसिडची वाफसुद्धा स्टीलला खाते.

टप्पा ८: सुऱ्या वेगळ्या

सुरीला चमच्याचे नियम लावू नका. तिचं स्टील गंजाला हळवं. भाजी चिरून झाली की लगेच धुवा, लगेच पुसा. पाण्यात भिजत टाकू नका, पाण्याखाली दिसत नाही आणि घासणाऱ्या मावशींचा हात कापतो, ते वेगळंच.

धार घरी दगडावर लावायची तर दगड भिजवून, पातं साधारण २० अंशांत कललेलं धरून, दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. दारावर येणाऱ्या धारवाल्याला एकच सांगायचं, "दादा, पाण्यात बुडवत बुडवत लावा." फिरत्या चाकावर पातं तापून कडेला निळसर झालं, तर तेवढी कड मऊ पडते आणि आठवड्यात बोथट होते. निळं दिसलं तर तिथंच थांबवा.

टप्पा ९: ठेवणं आणि काढून टाकणं

स्टँडच्या तळाला भोकं हवीत. नसतील तर खाली फडकं घाला आणि दोन दिवसांनी बदला, नाहीतर तळातल्या पाण्यात दांड्या उभ्या राहतात. सणावाराचे चमचे कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. ओलसर वर्तमानपत्रात आणि प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या आधी एकदा उघडून बघा.

खड्डे पडलेला चमचा दिसायला वाईट असला तरी तेवढ्यासाठी फेकायची गरज नाही. पण खड्ड्याची कड धारदार लागत असेल, काट्याचा दात वाकून टोकदार झाला असेल, किंवा पोकळ दांडीतून पाणी गळत असेल, तर तो मोडीत काढा. मोड देताना ३०४ ची जुनी भांडी वेगळी बांधून न्या. भंगारवाल्यांकडं आणि ठोक व्यापाऱ्यांकडं मँगनीज ओळखायचं एक औषध असतं. बॅटरी लावून थेंब टाकला की २०१ किंवा २०२ वर लालसर रंग उमटतो. त्यांना ग्रेड कळतो, आणि सगळं एका पिशवीत दिलं की ते हलक्या मालाचा भाव लावतात. बिल जपून ठेवलं असेल तर तेही सोबत न्या.

बहिणीचे ते चार डझन चमचे आम्ही असेच मोडीत काढले. नवे घेताना तिनं आधी दोनच नमुने आणले, माझ्या ओढणीचा तुकडा मागून घेतला, आणि सकाळी कापसाचे बोळे उचलून व्हिडिओ कॉलवर मला चमच्याची मान दाखवली. मान स्वच्छ होती. मग बाकीचे आणले.